पान अकरा

सोळा पानांचं पुस्तक.
पहिली दहा मी एका दमात काढली:
मेंढ्या, काठी, घोंगडं, खांद्यावर कोकरू,
फेटा बांधणारे अण्णा
आणि आरसा धरून उभी मी, वय वर्षं सहा.
अकराव्या पानावर अण्णांनी नाचायला हवं होतं.

अण्णा काही नाचेनात.

हातात रंगीत रुमाल, डावा पाय वर,
आणि चेहरा एसटी चुकल्यासारखा.
खोडलं. पुन्हा काढलं.
ढोल मोठा केला, कैताळांतून
आवाजाच्या तीन तीन रेषा सोडल्या,
तरी पानावर एक म्हातारा चिखल चुकवत होता.

मोबाईलमध्ये मागच्या जत्रेतला व्हिडिओ,
पट्टणकोडोलीचा.
थांबवला की पाय धूसर,
चालवला की पाय गेलेला.
अण्णांना विचारलं, पाऊल पडतं कसं?
म्हणाले, "ढोल पाडतोय ते. मला काय ठावं?"
आणि बशीतला चहा फुंकत राहिले.
दोन्ही गुडघ्यांना पट्टे.
उठून दाखवा, असं कुठल्या तोंडानं म्हणू?

उद्यमनगरातून नदाफमामांचा फोन:
"सोळा पानं म्हंजे एकच कागद असतोय, पोरी.
एक अडलं की पंधरा अडली.
आणि ह्यो तुझा पिवळा.
लिंबू येईल मशीनवर, हापूस येईल,
भंडारा येत न्हाई. आधीच सांगून ठेवतो."
तरी मागाहून कळलं,
रविवारी छापखाना बंद ठेवून
ते एकटेच पिवळा घोटत बसले होते.

आई टीव्हीसमोर, भिंतीला टेकून.
मान न वळवता म्हणाली, "टाच आधी."
काय?
"टाच आधी टेकाय पायजे. तू चवडा काढलायस.
चवड्यावर चोर चालतोय."

आणि मला तेव्हा आठवलं आई कुठे असायची.
देवळापुढच्या रिंगणाच्या कडेला,
गजीमंडळाच्या चपला राखत.
मांडीवर आधी मी, मग दादा, मग दादाची रेवती.
चपलांपाशी बसलेल्या माणसाला
फेटे दिसत नाहीत, रुमाल दिसत नाहीत,
भंडारा उधळलेला दिसत नाही, नुसता डोळ्यांत जातो.
चाळीस वर्षं तिनं फक्त पाय बघितले.

सीरियलमध्ये जाहिरात लागली.
आई उठली. पदर खोचला.
ढोल तोंडानंच धरला, अगदी हळू,
शेजारी ऐकू जाऊ नये इतका,
आणि टाच टाकली.
फरशी गार होती, तिच्या पायाखालची तेवढी माती झाली.
एक झोका आत, एक बाहेर,
गिरकी घेताना सोफ्याला वळसा,
हातात रुमालाच्या जागी रिमोट.
अण्णांची बशी हवेतच.
मग त्यांची बोटं बिस्किटाच्या डब्यावर पडायला लागली,
पहिल्यांदा चुकत, मग नाही.

"बास," आई म्हणाली. "लागली सीरियल."

त्या रात्री पान अकरा झालं.
नदाफमामांचा पिवळाही जमला,
कारण पुस्तक आल्यावर रेवतीनं
पानावर बोट घासून, ते उलटंसुलटं करून बघितलं,
काही लागलंय का.

मग तिनं पुस्तक नाकाजवळ नेलं.
"आजोबांच्या पायात जोडवी का काढल्यात?"

मी काही बोलले नाही.
अण्णांनी चष्मा पुसला, लावला, पान दूर धरलं,
मग जवळ धरलं.
"छापताना काय तरी झालं असंल," म्हणाले,
आणि पान उलटलं नाही.
आईनं टीव्हीचा आवाज वाढवला.